मोठं घर: देऊळ, राऊळ आणि पेर-आ

हिमायतनगर आणि वाढोणा ही एकाच गावाची दोन नावं. मुदखेडहून किनवट-आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या स्थानकाला पहिलं नाव आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेचा विषय निघाला की दुसरं तोंडात येतं, ‘वाढोण्याचा परमेश्वर’. हिमायत हा अरबी शब्द. राखण, आश्रय, पाठबळ असा त्याचा अर्थ. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले पुत्र आझम जाह यांचं मूळ नाव मीर हिमायत अली खान होतं आणि हैदराबादचा हिमायतसागर तलाव त्यांच्याच नावानं ओळखला जातो. वाढोणा नावाची गावं पैनगंगेपलीकडं विदर्भातही आहेत, त्यामुळं ते नाव या मुलखाच्या मातीतलंच म्हणायचं. म्हणजे एक नाव दरबारातून आलेलं आणि दुसरं मातीतून उगवलेलं. गावानं दोन्ही सांभाळली.

मला मात्र गावाच्या नावापेक्षा त्या परमेश्वराच्या वास्तूला आपण काय म्हणतो, ते जास्त बोलकं वाटतं. हल्ली सगळे ‘मंदिर’ म्हणतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘देऊळ’ असतं. देऊळ हा शब्द देवकुल या संस्कृत शब्दातून आला. कुल म्हणजे घराणं, हा अर्थ आपल्या ओळखीचा आहे; पण संस्कृतात कुल म्हणजे राहतं घर असंही होतं. प्राकृतात मधली व्यंजनं झिजून ‘देउल’ झालं आणि मराठीनं शेवटच्या ल चा ळ करून ‘देऊळ’ घडवलं. मंदिराचंही तसंच. संस्कृतात मंदिर म्हणजे मुळात घर, निवास. देवघरात तर घर उघडच दिसतं आणि देव्हारा हे देवगृहाचं झिजलेलं रूप. शिखर कितीही उंच चढवा, शब्दाच्या आत डोकावलं की तिथं एक साधं घर असतं.

देवकुल या शब्दाला एक जुनी छटा होती, ती देवळात उरली नाही. भासाच्या ‘प्रतिमा’ नाटकात भरत आजोळाहून परततो तेव्हा वाटेतल्या एका वास्तूत त्याला आपल्या पूर्वजांचे पुतळे दिसतात. त्या रांगेत दशरथाचाही पुतळा आहे. पुतळे फक्त मृत राजांचे असतात, हे कळल्यावर वडील गेल्याचं त्याला उमगतं. ही वास्तू म्हणजे देवकुल. मथुरेजवळ माट इथं कुषाण राजांचं देवकुल सापडलं आहे. आपल्याकडं जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज तिथं पायांच्या खुणा आणि वरची नावं एवढंच उरलं आहे, तरी अभ्यासक त्या जागेला देवकुलाच्याच ओळीत बसवतात. मेलेला राजा, त्याची दगडी प्रतिमा आणि तिच्यासाठी बांधलेलं घर. नाईलच्या काठी पिरॅमिडला लागून जी मंदिरं बांधली गेली, त्यांचंही हेच काम होतं. राजाच्या पुतळ्याला तिथं रोज अन्न दाखवलं जाई. दोन संस्कृतींचा इथं एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही. मेलेल्याला घर लागतं, ही समजूत माणसाला कुठंही सुचते.

आता राऊळ. या शब्दावर माझं फार दिवसांपासून प्रेम आहे. राजकुल, म्हणजे राजाचं घर. त्याचं राउल आणि मग राऊळ. मराठीत राऊळ म्हणजे आधी राजवाडा. मग देव हाच राजा ठरला आणि वारकऱ्यांच्या बोलीत विठ्ठलाचं देऊळही राऊळ झालं. पण याच्या आधी एक तिसरा अर्थ चालून गेला होता. महानुभावांच्या पंचकृष्णांत दोन नावं आहेत, फलटणचे चांगदेव राऊळ आणि ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ. चांगदेव राऊळ म्हणजेच चक्रपाणी प्रभू हे माहूरला गेले आणि तिथं त्यांना दत्तात्रेयांची भेट झाली, असं संप्रदाय मानतो. माहूर हिमायतनगरच्याच जिल्ह्यातलं. या नावांतला राऊळ राजवाडाही नाही आणि देऊळही नाही. तो माणूस आहे. घराचा शब्द त्या घरात राहणाऱ्याला लागला आणि पदवी झाला. राजपुतान्यातल्या बाप्पा रावळचा ‘रावळ’ही याच कुळातला. कोकणात राऊळ हे आडनाव आजही नांदतं.

घराचं नाव घेऊन माणसाला हाक मारायची ही रीत दुसरीकडं कुठं इतकी ठळक असेल, तर ती प्राचीन इजिप्तमध्ये. तिथल्या भाषेत ‘पेर’ म्हणजे घर आणि ‘आ’ म्हणजे मोठं. पेर-आ, मोठं घर. पिरॅमिड ज्या काळात उठले त्या जुन्या राज्यात पेर-आ म्हणजे फक्त राजवाडा आणि त्याचा कारभार. राजाला त्या शब्दानं कोणी संबोधत नसे, त्याच्यासाठी वेगळ्या पदव्या होत्या. पुढं हजार वर्षांनी, अठराव्या राजघराण्याच्या काळात, शब्द सरकला. तिसऱ्या थुटमोसच्या सुमारास पेर-आ म्हणजे प्रत्यक्ष राजा असा वापर दिसू लागतो आणि अखेनातेनला लिहिलेल्या एका पत्रात तर तो थेट राजालाच उद्देशून आला आहे. हिब्रूतून ग्रीकमध्ये आणि तिथून युरोपच्या भाषांत जाता जाता त्याचा ‘फॅरो’ झाला. अरबीत फिरऔन. निजामाच्या राज्यात उर्दू शाळांत शिकलेल्या मराठवाड्याच्या पिढीला फिरऔन चांगला ठाऊक होता, कारण माजलेल्या माणसाला उर्दूत फिरऔन म्हणतात. ज्या खुफूच्या पिरॅमिडचं चित्र आपण पाठ्यपुस्तकात ‘फॅरोची कबर’ म्हणून बघतो, त्या खुफूला मात्र हा शब्द आपल्यासाठी आहे असं कधी वाटलं नसतं. त्याच्या लेखी पेर-आ म्हणजे भिंती, अंगण आणि कोठार.

राऊळ आणि पेर-आ यांची वाट इतकी सारखी आहे की भाषेतली एक खोल सवय त्यात दिसते. सत्तेचं नाव थेट घ्यायला जीभ कचरते, म्हणून ती सत्तेच्या घराचं नाव घेते. आजही ‘मंत्रालयानं आदेश काढला’ असंच आपण म्हणतो. हैदराबादच्या उमरावांच्या वाड्यांना ‘देवढी’ म्हणत. देवढी म्हणजे खरं तर उंबरठ्याची, दाराची जागा. आपल्या मराठी देवडीवर पहारेकरी बसायचे, हैदराबादच्या देवढीत नवाब राहायचे. दाराचा शब्द अख्ख्या वाड्याला पुरला.

इजिप्तमध्ये ही सवय राजापाशी थांबली नाही, ती देशापर्यंत गेली. मेम्फिस या राजधानीत प्ताह देवाचं मोठं मंदिर होतं, त्याचं नाव हुत-का-प्ताह, प्ताहच्या प्राणशक्तीचं घर. परक्यांनी ते नाव शहरासाठी आणि मग साऱ्या मुलखासाठी वापरलं. ग्रीकांनी त्याचं ऐगिप्तोस केलं आणि त्यातून इजिप्त झालं. म्हणजे आपण इजिप्त म्हणतो तेव्हा नकळत एका देवळाचं नाव घेत असतो. मेम्फिस हे शहराचं नावही असंच आलं. पहिल्या पेपी राजाच्या पिरॅमिडचं नाव मेन-नेफेर असं होतं. पिरॅमिडभोवतीची वस्ती त्या नावानं ओळखली जाऊ लागली, पुढं सगळं शहर. अरबांनी देशाला मिस्र म्हटलं आणि तिथल्या साखरेवरून उत्तर हिंदुस्थानात खडीसाखरेला मिसरी नाव पडलं.

राजाच्या नावाभोवती इजिप्ती लेखनिक एक लांबट कडं काढत. त्याला त्यांच्या भाषेतलं नाव होतं, घेरणं या अर्थाच्या क्रियेवरून आलेलं. पण जगानं उचललं ते ‘कार्तूश’ हे फ्रेंच नाव, कारण नेपोलियनच्या सैनिकांना तो आकार बंदुकीच्या दारूच्या पुडीसारखा वाटला. शांपोलियननं १८२२ मध्ये चित्रलिपी उलगडली तीही या कड्यांतल्या नावांना धरून. आपलं काडतूस त्याच घराण्यातलं आहे. शिकारीला निघालेल्या देशमुखाच्या पट्ट्यात आणि रामसेसच्या नावाभोवती एकच शब्द बसलेला आहे.

आता पिरॅमिडकडं वळू. त्याआधी ओट्यावर थोडं बसावं लागेल. मराठवाड्यातल्या जुन्या घरांना दारासमोर ओटा असतो. संध्याकाळी तिथं माणसं टेकतात, तिथंच देणंघेणं बोललं जातं, तिथंच सोयरीक ठरते. इजिप्तच्या खेड्यातही घराबाहेर मातीचा असा ओटा असतो आणि अरबीत त्याला ‘मस्तबा’ म्हणतात. सक्कारा इथं १९व्या शतकात उत्खनन चालू असताना मजुरांच्या नजरेला वाळूतून डोकावणारी सपाट माथ्याची, तिरप्या भिंतींची जुनी थडगी पडली. त्यांनी त्यांना आपल्या घरातलाच शब्द दिला, मस्तबा. तोच शब्द पुरातत्त्वाच्या ग्रंथांत गेला. मराठीत या थडग्यांना ‘ओटा’ म्हटलं तर काही बिघडत नाही, उलट अर्थ लगेच कळतो. आपणही समाधी ओट्यावरच बांधतो.

जोसेर राजासाठी इसवी सनापूर्वी २६५० च्या सुमारास सक्काऱ्यात जे उभं राहिलं ते अशाच एका ओट्यापासून सुरू झालं. ओटा वाढवला, त्यावर लहान ओटा, त्यावर आणखी लहान, असे सहा टप्पे. उंची सुमारे ६० मीटर. इतकी मोठी वास्तू घडीव दगडात याआधी इजिप्तमध्ये कोणी बांधली नव्हती. पुढच्या शतकभरात टप्पे भरले गेले, बाजू गुळगुळीत झाल्या आणि गिझाचा खुफूचा पिरॅमिड १४६ मीटरांच्या वर गेला. इजिप्ती लोक पिरॅमिडला ‘मेर’ म्हणत. हा शब्द ऐकून मराठी वाचकाच्या मनात मेरू पर्वत उभा राहणारच, शिवाय आपल्या शिल्पग्रंथांत मेरू नावाचा प्रासादाचा प्रकारही आहे. पण इथं हात आखडता घ्यावा. इजिप्ती लिपीत स्वर लिहीत नसत. ‘म’ आणि ‘र’ यांच्यामधला ए हा अभ्यासकांनी सोयीसाठी घातलेला. नुसत्या आवाजाच्या साम्यावर दोन शब्दांची सोयरीक जुळवणं हा व्युत्पत्तीतला सगळ्यांत जुना रोग आहे आणि तो मराठीत फार पसरला आहे. पिरॅमिड हा ग्रीक शब्द कदाचित त्याच आकाराच्या गव्हाच्या वडीवरून आला असावा, असं काही भाषापंडित मानतात. अरबीत पिरॅमिडला ‘हरम’ म्हणतात, अनेकवचन ‘अहराम’. उर्दू शिकलेल्यांना ‘अहराम-ए-मिस्र’ परिचित आहे. जनानखान्याचा हरम वेगळा. त्यातला ह घशातून येतो, हा साधा. देवनागरीत दोघं एक दिसतात म्हणून घोटाळा होतो.

जोसेरचा हा ओट्यांचा डोंगर ज्यानं रचला, त्या इम्होतेपचं नाव राजाच्या पुतळ्याच्या बैठकीवर कोरलेलं सापडलं. इम्होतेप हा राजाचा मंत्री आणि हेलिओपोलिसचा मुख्य पुरोहित होता. पुढं दोन हजार वर्षांनी लोकांनी त्याला वैद्यकाचा देव केलं. हे वाचताना मला हेमाद्री पंडित आठवतो. देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा हा मंत्री. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा अफाट ग्रंथ त्याचा आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयावरची ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याचीच. मंत्री, शास्त्रज्ञ, वैद्यकाचा जाणकार आणि लोकांच्या मनात वास्तूंचा कर्ता, या चारही गोष्टी दोघांत जुळतात. लोकांनी हेमाडपंताच्या नावावर मोडी लिपी लावली, बाजरीही लावली. आणि मराठवाड्यातलं प्रत्येक जुनं दगडी देऊळ त्याच्या नावावर जमा केलं, ‘हेमाडपंती’.

हा शब्द आपल्या तोंडी इतका बसला आहे की कोणी चिऱ्यावर चिरा ठेवलेलं देऊळ बघितलं की पुढचा शब्द हेमाडपंतीच येतो. पण हेमाद्रीचा काळ १३व्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० चं आहे, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. देगलूर तालुक्यातल्या होट्टलची मंदिरं कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. त्यांचा आणि हेमाद्रीचा काही संबंध नाही. तरी हेमाडपंती शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही. लोक त्यातून एका माणसापेक्षा एक पद्धत सांगतात. चुन्याशिवाय, दगडाला दगडाची खाच बसवून केलेली बांधणी, असा त्याचा लोकांच्या मनातला अर्थ आहे आणि तो अर्थ नेमका आहे. अभ्यासकांनी काळ सांगताना हा शब्द वापरू नये आणि लोकांनी बांधणी सांगताना खुशाल वापरावा.

होट्टलचं सिद्धेश्वर मंदिर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी पाहावं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी बघताना माणूस वेळ विसरतो. पण गावाच्या नावाकडंही लक्ष द्यावं. जुन्या लेखांत हे नगर पोट्टल म्हणून येतं. कन्नडमध्ये एके काळी शब्दाच्या सुरुवातीच्या प चा ह झाला: दुधाला जुन्या कन्नडमध्ये पालु म्हणत, आता हालु म्हणतात, फूल हे पूवु होतं, आता हूवु. पोट्टलचं होट्टल त्याच वाटेनं झालं असणार. म्हणजे प चा ह होत असताना हे गाव कन्नड तोंडात होतं, मराठी नावानं ती खूण तशीच जपली. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवत. हे लट्टलूर म्हणजे आपलं लातूर, असं बहुतेक इतिहासकार मानतात. त्यातला ‘ऊर’ म्हणजे कन्नड-तेलुगूतलं गाव. राष्ट्रकूटांच्या कंधारला जगत्तुंग नावाचा तलाव आहे आणि तिथं एका अवाढव्य क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. थेब्झला पडलेल्या रामसेसच्या दगडी पुतळ्याची आठवण ते तुकडे करून देतात. क्षेत्रपाल म्हणजे क्षेत्राचा राखणदार आणि आपलं शेत म्हणजे तेच क्षेत्र, प्राकृतातून घासून आलेलं. एवढ्या मोठ्या देवाच्या नावात एक शेत आहे, हे कंधारच्या शेतकऱ्याला सांगितलं तर त्याला आनंद होईल.

शेत निघालं की काळी आली. मराठी गावाची जुनी विभागणी दोन रंगांत होते. ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन, ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त या दोन शब्दांभोवती सारी ग्रामरचना समजावून सांगितली आहे. वस्ती जिथं शतकानुशतकं नांदते तिथं राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींची माती यांचे थर साचतात आणि जमीन करडी-पांढरी होते. प्राचीन इजिप्ती माणूस आपल्या देशाला ‘केमेत’ म्हणे, काळी. नाईलच्या पुरानं आणलेला गाळ काळा, तीच पिकाची जमीन. तिच्या पलीकडचं वाळवंट ‘देश्रेत’, तांबडी. काळीत जगायचं आणि तांबडीच्या कडेला मेलेल्यांची घरं बांधायची. पिरॅमिड पिकाच्या पट्ट्याबाहेर, वाळवंटाच्या काठावर का उभे आहेत याचं मोठं कारण हेच: पिकाची जमीन कोण वाया घालवणार, आणि पुराचं पाणी तिथं पोचत नाही. आपल्या आणि त्यांच्या काळीत एवढं साम्य पुरेसं आहे. फरक असा की आपण दुसरा रंग जिवंत माणसांच्या जागेला दिला.

पांढरीबद्दल मनापासून वाईट वाटावं अशी एक गोष्ट सांगायलाच हवी. ही माती भुसभुशीत असते, भिंतीला आणि धाब्याला चांगली, शेतालाही मानवते. म्हणून गाड्याच्या गाड्या भरून पांढरीची टेकाडं नेली गेली आणि अजूनही नेली जातात. एका टोपल्यात सातवाहन काळाचं खापर जातं, कुठं मणी, कुठं नाणं. इजिप्तमध्ये अगदी हेच घडलं. जुन्या वस्त्यांच्या कुजलेल्या विटांना तिथं ‘सेबाख’ म्हणत आणि शेतकरी ती माती खत म्हणून नेत. त्यात अख्खी शहरं संपली. दगडाचं उरलं आणि मातीचं गेलं, म्हणून आपल्याला वाटतं की इजिप्ती लोक दगडातच राहत होते. खरं तर फॅरोसुद्धा मातीच्या विटांच्या घरात राहायचा. तिसऱ्या आमेनहोतेपचा मालकाता इथला राजवाडा कच्च्या विटांचा होता. दगड देवासाठी आणि मेलेल्यासाठी राखून ठेवलेला. मराठवाड्यातही असंच दिसतं. परमेश्वर दगडात आणि देशमुख पांढऱ्या मातीच्या गढीत. गढ्या पावसागणिक विरघळत चालल्या आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी निघते, गढीला कोण देणार? पण ‘मोठं घर’ या शब्दाचा अर्थ गावाला शिकवला तो गढीनंच.

कच्च्या विटेला इजिप्ती भाषेत ‘जेबेत’ म्हणत. कॉप्टिकमध्ये ती ‘तोबे’ झाली, अरबीत ‘तूब’, अरबी उपपद ‘अल’ जोडून स्पेनमध्ये ‘अडोबे’ झाली आणि स्पॅनिश वसाहतींबरोबर अमेरिकेत पोचली. कॅलिफोर्नियात अडोबे नावाचा एक ओढा आहे, त्याच्यावरून एका संगणक कंपनीनं नाव घेतलं. हिमायतनगरच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबाऱ्याचा कागद ज्या प्रणालीत उघडतो, तिच्या नावात नाईलकाठची चार हजार वर्षांपूर्वीची वीट आहे. आपली वीट ‘इष्टका’तून आली. वैदिक यज्ञवेदीची वीट ती, इराणी भाषांतही तिची भावंडं आहेत. तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचं आहे आणि महाराष्ट्रातल्या उभ्या वास्तूंत ते फार जुनं. हे तेर म्हणजे तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ते पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलं आहे. आणि ते पुस्तक लिहिणारा व्यापारी इजिप्तमध्येच राहणारा होता, असं मजकुरावरून अभ्यासक मानतात.

इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधीचे दगड आहेत. दक्षिण इजिप्तच्या वाळवंटात नब्ता प्लाया इथं गुरं पाळणाऱ्या लोकांनी उभ्या केलेल्या शिळांचं एक लहान वर्तुळ सापडलं. ते राजे, देवळं, लिपी यांच्या कितीतरी आधीचं. फ्रेड वेंडॉर्फ यांच्या पथकानं ही जागा उजेडात आणली. आपल्याकडची शिळावर्तुळं त्या मानानं तरुण आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. नागपूरजवळच्या जुनापाणीची अशी वर्तुळं १९व्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं खणली. त्यानंतर माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं उत्खननं झाली. या वर्तुळांत माणसाबरोबर पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे साज मिळाले. पुस्तकांत या संस्कृतीला महापाषाण, बृहदश्म अशी नावं आहेत. ती अचूक आहेत, पण घडवलेली आहेत आणि बोलण्यात उतरत नाहीत. शिळावर्तुळ हा शब्द चांगला उतरला आहे.

बोलण्यात जो शब्द अडीच हजार वर्षं टिकला तो ‘मसण’. स्मशानातून आलेला. मसणवटा, मसणात जा, असं आपण सहज बोलून जातो. यास्कानं निरुक्तात श्मशानाची फोड केली ती ‘शरीराची शेज’ अशी. काही आधुनिक अभ्यासकांनी ‘अश्मशयन’ अशी दुसरी सुचवली, म्हणजे दगडातली शेज. दुसरी फोड सिद्ध होत नाही, तरी तिचा मोह पडतो, कारण शतपथ ब्राह्मणात देवपक्षाच्या लोकांचं स्मशान चौकोनी आणि असुरपक्षाच्या, पूर्वेकडच्या लोकांचं गोल असा भेद सांगितला आहे. गोल स्मशान म्हटलं की शिळावर्तुळं डोळ्यांपुढं येतातच.

पुढच्या काळात मेलेल्या वीरासाठी एकटा दगड उभा राहू लागला, वीरगळ. हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’चा, कल्लु म्हणजे दगड, समासात त्याचा ‘गल्लु’ होतो. आणखी एक दगड आहे, गधेगाळ. तो जास्त करून कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात सापडतो, रायगड जिल्ह्यातल्या अक्षीचा प्रसिद्ध आहे. त्यावर वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली गाढव व बाई. दान दिलेली जमीन जो हिसकावेल त्याच्या आईवर गाढव येवो, असा तो शाप. कित्येक जण वीरगळाच्या चालीवर याला ‘गधेगळ’ म्हणतात आणि गळ म्हणजे दगड असंच समजतात. मला ते पटत नाही, आणि माझा पुरावा पुन्हा नाईलकाठचा आहे. विसाव्या राजघराण्याच्या पुढच्या काळात इजिप्तमध्ये देवळांना जमिनी दान देताना दानशिळा उभारल्या जात. त्यांतल्या काहींवर चक्क हाच शाप आहे: हे दान मोडणाऱ्याशी गाढव संग करो, त्याच्या बायकोशी गाढव संग करो. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन देशांतल्या लोकांनी जमीन राखायला गाढवच पुढं केलं. अशा शिळेचं काम शापानं होतं, दगड फक्त तो उचलून धरतो. तेव्हा मराठी माणसानं तिचं नाव शापावरून ठेवलं असणार, यात नवल नाही. गाळ म्हणजे शिवी. जुन्या मराठीत गाळी देणं म्हणजे शिवी देणं, आणि तो शब्द कुठं गेलेलाही नाही. आजच्या बातमीत ‘शिवीगाळ’ येतेच, काना देऊन.